सिद्धता चालू असताना

कोनमापक सरांचा चेहरा त्यांच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना नीट आठवत नाही. पाठ मात्र सगळ्यांना आठवते. या गृहस्थांनी चौतीस वर्षं एकाच शाळेत भूमिती शिकवली, आणि त्यातली निदान तीस वर्षं फळ्याकडे तोंड करून. उजव्या खांद्यावर खडूची धूळ, विरलेली कॉलर आणि मानेवर एक तीळ. तो तीळ मानेच्या बरोबर मध्यावर आहे की जरासा डावीकडे, यावर मागच्या बाकांवर पिढ्यानपिढ्या वाद झाले. एकमत शेवटपर्यंत झालं नाही.

कोनमापक हे नाव मुलांनीच ठेवलेलं. सर चालताना कमरेतून पुढे झुकत. एका उपद्व्यापी तुकडीने तो कोन मोजून पंच्याहत्तर अंश असल्याचं जाहीर केलं. सरांच्या कानावर गेलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता काही खरं नाही. सरांनी फक्त विचारलं, "कशापासून मोजलात?"

"जमिनीपासून, सर."

"मग ठीक आहे. भिंतीपासून मोजला असता तर पंधरा आला असता. पुढच्या वेळी आधी पाया सांगत जा."

सर कुणालाही नावाने हाक मारत नसत. "तिसरं बाक, डावा, उभा राहा." "पहिलं बाक, खिडकीकडची, तू सांग." पंचवीस वर्षांनी एखादा टक्कल पडलेला, पोट सुटलेला बाप्या रस्त्यात वाकून नमस्कार करायचा आणि सर डोळे बारीक करून म्हणायचे, "पाचवं बाक, भिंतीकडचा! अजून कंपास हरवतोस का रे?" त्या माणसाला आपलं नाव लक्षात नसल्याचं वाईट वाटायचं नाही. जगात आपली जागा अजून कुणीतरी राखून ठेवली आहे, असं वाटायचं.

आणि एक नियम होता. सिद्धता चालू असताना कुणी बोलायचं नाही. शंका असेल तर आधी विचारा, नाहीतर नंतर. मध्ये नाही. "डॉक्टरने पोट उघडलंय आणि तुम्ही त्याला वेळ विचारताय," असं ते म्हणत. एकदा मुख्याध्यापक तपासणीच्या साहेबांना घेऊन वर्गाच्या दारात आले. सरांनी मागे न बघता डावा हात वर केला. साहेब, मुख्याध्यापक आणि रजिस्टर घेऊन आलेला शिपाई असे तिघे नऊ मिनिटं दारात उभे राहिले. शेवटची ओळ लिहून, खाली दोन रेघा मारून सर वळले आणि म्हणाले, "या."

घरात मात्र त्यांनी भूमितीचा एक शब्द कधी काढला नाही. घर म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे काकूंचं राज्य. काकू म्हणजे सरांची बायको. साऱ्या गल्लीच्या काकू. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, हसताना तोंडावर हात धरणाऱ्या. त्यांची शाळा आठवीत सुटली होती. आई अंथरुणाला खिळली, घरात धाकटे दोन भाऊ, मग कुणीतरी घरी राहायलाच हवं होतं. "माझी भूमिती समांतर रेषांपर्यंत झाली," त्या सांगायच्या. "पुढे काय झालं कुणास ठाऊक. भेटल्या नसतील बहुतेक." आणि तोंडावर हात.

मग ते साथीचं वर्ष आलं. शाळांना कुलपं लागली. शिक्षकांनी आता घरून, फोनवर, व्हिडिओ मीटिंग घेऊन शिकवायचं असा निरोप आला. बाकीच्या शिक्षकांनी पडद्यावर दाखवायची रंगीत पानं तयार केली. सर म्हणाले, "फळा नसेल तर मी नाही." सरांची नोकरी संपायला एकच वर्ष उरलं होतं, हा शेवटचा दहावीचा वर्ग. सुताराकडून चार बाय तीनचा फळा करून आणला. लावायला भिंत एकच मोकळी होती, काकूंच्या आरशाची. आरसा उतरला, फळा चढला. त्या दिवसापासून काकू न्हाणीघरातल्या तळहाताएवढ्या आरशात कुंकू लावू लागल्या. "अर्धं कपाळ दिसतं," त्या शिंप्याला म्हणाल्या. "उरलेलं अंदाजाने."

पहिले दोन दिवस फोन पिठाच्या डब्यावर ठेवला. वर्गाला सरांचा पट्टा दिसला. मग डब्यावर डबा चढवला, तेव्हा छत दिसलं. तिसऱ्या दिवशी सर एका लंबाच्या ऐन पायथ्याशी असताना दोन्ही डबे आणि फोन खाली आले आणि चाळीस मुलांनी सरांना आयुष्यात पहिल्यांदा ओरडताना ऐकलं.

"अहो, द्या इकडे," काकू म्हणाल्या. "मी धरते."

अशा तऱ्हेने काकू वर्गात आल्या.

फोन कसा धरायचा हे त्यांना कुणी शिकवलं नाही. डाव्या हातात फोन, उजव्या हाताचा डाव्या कोपराला टेकू. दोन दिवसांत त्यांनी अशी काही पकड बसवली की सर बारीक लिहायला लागले की त्या दोन पावलं पुढे, मोठी आकृती काढू लागले की मागे पलंगाला टेकेपर्यंत. खडू जाईल तिकडे फोन. मुलं लिहून शंका पाठवायची, त्या काकू वाचून दाखवायच्या. "अहो, खालचं दिसत नाही म्हणतायत." "अहो, जरा बाजूला व्हा, तुमच्या डोक्याने वर्तुळ झाकलंय म्हणतायत."

सरांची पंचाईत वेगळीच होती. मुलांचे कॅमेरे बंद. कुणाच्या फोनला तेवढं इंटरनेट नाही, कुणाचं घर दाखवण्यासारखं नाही. पडद्यावर चाळीस काळे चौकोन, त्यावर नावं. नावं काय कामाची? सरांना बाकं हवी होती. त्यांनी एका मोठ्या कागदावर वर्गाचा नकाशा काढला, प्रत्येक बाकावर नाव लिहिलं आणि तो फळ्याशेजारी चिकटवला. "चौथं बाक, उजवा!" सर पुकारायचे, काकू कागदावर नाव शोधायच्या आणि मग त्या नावाचा चौकोन. मुलं घरी आपापल्या कॉटवर, ओट्यापाशी, जिन्यात बसलेली. पण हाक आली की चौथ्या बाकावरच्या उजव्याची पाठ आपोआप ताठ व्हायची, असं तो स्वतः सांगतो.

चेहरे दिसत नसल्यामुळे सरांना आणखी एक गोष्ट कळेनाशी झाली होती. शिकवलेलं पोचलं का? सिद्धता संपली की पूर्वी ते वळून पहिल्या रांगेच्या कपाळांकडे बघत. आठ्या मोजत. आता वळलं की समोर एकच कपाळ होतं, काकूंचं. त्यावर आठी असली की सर पुन्हा सांगत. नसली की पुढे जात. चाळीस मुलांच्या दहावीच्या भूमितीचा वेग काकूंच्या कपाळावर ठरत होता, आणि निकालावरून बघितलं तर तो अगदी बरोबर ठरत होता.

तशात त्यांच्या लेकीने, जी दूरच्या शहरात नोकरी करते, आईला फोनवर एक बटण दाखवलं. ते दाबलं की सगळ्या मुलांचा आवाज एकदम बंद. मुलांनी कितीही ठरवलं तरी त्यांना तो परत चालू करता येत नाही. काकूंनी ते बटण दाबून बघितलं. कुकरच्या शिट्ट्या, रडणारी पोरं, कुणाच्या तरी बापाचं खोकणं, सगळं क्षणात थांबलं.

"चौतीस वर्षं हे कुठे होतं?" सर म्हणाले. लहान पोराच्या हातात पिपाणी यावी तसे ते खूश झाले. त्या दिवसापासून सिद्धता सुरू करायच्या आधी सर "शांतता" म्हणायचे आणि काकू ते बटण दाबायच्या. मध्येच कुणाचा फोन येऊन खंड पडू नये म्हणून लेकीने येणाऱ्या फोनची घंटाही बंद करायला लावली होती. सिद्धता चालू असताना आता खरोखरच सगळं जग गप्प असे.

दिवाळखोराला लॉटरी लागावी तशी सरांना ही शांतता लागली होती. काकूंना लागलं होतं ते वेगळंच.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, शेवटच्या बाकावरचा विचारतोय. केंद्रातून टाकलेला लंब जीवेला मधोमधच का छेदतो? जरा इकडे-तिकडे का नाही?"

सर खूश झाले. शेवटच्या बाकावरून असा प्रश्न म्हणजे वाळवंटात कमळ. मग रोजच शेवटच्या बाकावरून प्रश्न येऊ लागले. साधेच, पण मुळाला हात घालणारे. ही दोन्ही टोकं सारखी आहेत हे तुम्ही आधीच कसं धरलंत? ही रेघ तुम्हाला कुणी काढायला सांगितली? आठवड्याने सरांनी हजेरी तपासली. शेवटच्या बाकावरचे दोघेही भाऊ गावाला गेले होते; दहा दिवस वर्गात आलेच नव्हते.

सरांनी हजेरीचं पान मिटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवटच्या बाकावरून प्रश्न आला. सर फळ्याकडेच बघत म्हणाले, "शेवटच्या बाकावरच्याला सांग, प्रश्न चांगला आहे. आणि त्याला म्हणावं, दुपारी वही घेऊन ये."

फोन एकदम हलला. तेवढा एकदाच. पडद्यावर अख्खा फळा तिरका होऊन परत सरळ झाला, हे पहिल्या बाकावरच्या, खिडकीकडच्या मुलीला चांगलं आठवतं.

दुपारी काकू वही घेऊन आल्या. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांना सुईदोऱ्याने शिवून केलेली वही. त्यात पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या आकृत्या होत्या. संध्याकाळी, भाजी चिरून झाल्यावर, आठवून काढलेल्या. सर कितीतरी वेळ पानं उलटत बसले. छत्तीस वर्षांच्या संसारात आपण या बाईला एकदाही विचारलं नाही, हा हिशेब त्यांच्या मनात झाला असावा. तोंडाने ते म्हणाले, "वर्तुळं फार वेडीवाकडी आहेत."

"वाटीने काढलीत."

"कंपास देतो."

"बाहेरून परीक्षेला बसता येतं म्हणे," काकू वहीकडे बघत म्हणाल्या. "वयाची अट नाही. बसू?"

"आधी वर्तुळं सुधार," सर म्हणाले आणि त्याच संध्याकाळी शाळेच्या कारकुनाकडून अर्ज घेऊन आले.

त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांविषयी सर कधी बोलत नाहीत. शिंपी बोलतो. वरून दुपारभर भांडणाचे आवाज यायचे म्हणतो. "मी नाही मानत!" हा काकूंचा आवाज. "तुझ्या मानण्याचा प्रश्न नाही, ते सिद्ध आहे!" हा सरांचा. "तुमच्यापुरतं असेल!" मग हसणं. शिंप्याने त्याआधी त्या जिन्यावरून सरांचं हसणं ऐकलं नव्हतं.

हात दुखायला लागला तो हिवाळ्याच्या सुमारास. डावा. खांद्यापासून कोपरापर्यंत भरून यायचा. दुखणारच, रोज दोन तास फोन धरायचा म्हणजे काय खायचं काम आहे? काकू तेल चोळायच्या. सर म्हणाले, "डॉक्टरला दाखव." काकू म्हणाल्या, "काय दाखवू? फोन धरून हात दुखतो हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?" सरांना ते पटलं. कारण दिलेलं होतं, परिणाम समोर होता. मध्ये काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं.

लेकीच्या कानावर गेलं आणि तिने तिसऱ्या दिवशी फोन अडकवायचा स्टँड पाठवला. तीन पायांचा, चांगला मजबूत. सर वाचनालयात गेले होते. काकूंनी तो उघडला, जोडला, फोन अडकवून फळ्यासमोर उभा केला. उत्तम उभा राहिला. काकू थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग तो परत खोक्यात घातला आणि खाली शिंप्याकडे घेऊन आल्या.

"भाऊ, हे तुमच्याकडे राहू द्या. यांना सांगू नका."

"का हो काकू? काय आहे?"

"माझी सवत आहे," काकू म्हणाल्या आणि तोंडावर हात धरला. मग हात खाली घेऊन म्हणाल्या, "हा उभा राहिला की माझं वर्गात काय काम? भाजी निवडत दाराआडून ऐकायचं? या वयाची बाई नुसतीच वर्गात बसलेली यांच्या शाळेला तरी चालेल का? हात दुखतो तो दुखू दे. परीक्षा झाली की घेऊन जाईन."

सरांना सांगितलं, स्टँड डुगडुगतो म्हणून परत पाठवला. शिंप्याने खोकं कापडाच्या ताग्यांमागे सरकवलं. बाईमाणसाचं गुपित, त्याला त्यात गंमतच वाटली.

परीक्षेला सहा आठवडे उरले असतील, तेव्हा काकू एका सकाळी उसवलेली पिशवी शिवून घ्यायला दुकानात आल्या. "भाऊ, एक नवल सांगू? चार दिवस झाले, फोन उजव्या हातात धरते. तरी दुखतो डावाच."

"सवय हो काकू," शिंपी म्हणाला. "आम्ही कात्री उजव्याने चालवतो आणि दुखते पाठ."

काकूंना ते पटलं. शिंप्यालाही पटलं होतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळचा नऊचा वर्ग. स्पर्शिका आणि छेदिका यांच्यामधल्या कोनाचं प्रमेय. हे प्रमेय सरांचं लाडकं. त्याचे तीन प्रकार: वर्तुळाचं केंद्र कोनाच्या भुजेवर असेल तर, कोनाच्या बाहेर असेल तर आणि आत असेल तर. तिन्ही एका दमात केले तर अकरा मिनिटं. सर म्हणाले, "शांतता." काकूंनी बटण दाबलं. सर फळ्याकडे वळले.

पहिला प्रकार झाला. दुसऱ्याची आकृती झाली. पुढचं सगळ्या वर्गाने पाहिलं, फक्त सरांनी नाही. पडद्यावरचा फळा हळूहळू खाली जाऊ लागला. मग पलंगाचा पाय दिसला, फरशी दिसली, आणि मग छत आणि फिरणारा पंखा. पंख्याच्या एका बाजूला, पडद्याच्या कोपऱ्यात, काकूंच्या हाताची बोटं. मनगटातली बांगडी.

फोन चटईवर पडला होता, त्याचा आवाज झाला नाही. काकू पलंगाला टेकून बसल्यासारख्या खाली आल्या, त्यांचाही झाला नाही. सरांचा आवाज मात्र सगळ्यांना येत होता. "केंद्र कोनाच्या बाहेर. त्रिज्या काढल्या. आता या दोन त्रिज्या समान, म्हणून हे दोन कोन समान..."

चाळीस घरांतून मुलं ओरडत होती. सर! सर, मागे बघा! आपला आवाज बंद आहे हे माहीत असूनही ओरडत होती. लिहून पाठवत होती. ते वाचून दाखवणारं माणूस जमिनीवर होतं. फोन लावत होती. फोन न वाजता उजळत होता, विझत होता. पहिल्या बाकावरच्या, खिडकीकडच्या मुलीने शेवटी आपल्या आईला हाताला धरून ओढत आणलं. आई सरांच्या घराखालच्या शिंप्याकडून कपडे शिवून घ्यायची. तिने शिंप्याला फोन केला.

शिंपी गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, तसाच जिना चढला आणि दार ठोठावू लागला. सरांचा तिसरा प्रकार निम्म्यावर आला होता. त्यांनी मागे न बघता डावा हात वर केला. दार वाजतच राहिलं. सरांनी शेवटची ओळ लिहिली, खाली दोन रेघा मारल्या आणि चिडून वळले.

"कोण आहे ते? सिद्धता चालू अस..."

दवाखान्यात तरुण डॉक्टरने विचारलं, "किती वेळ झाला होता पडून?"

"दुसऱ्या प्रकारापासून," सर म्हणाले.

"म्हणजे?"

सरांनी मनातल्या मनात ओळी मोजल्या. "सात मिनिटं."

"आधी काही त्रास? छातीत? खांदा, हात?"

"हात दुखायचा. फोन धरून."

"कुठला?"

"डावा."

डॉक्टरने लिहिता लिहिता मान वर केली, सरांच्या शर्टावरच्या खडूकडे बघितलं आणि पुन्हा लिहू लागला.

बाहेर बाकावर बसल्यावर सरांच्या लक्षात आलं की फोन आपल्या खिशात आहे आणि वर्ग अजून चालूच आहे. घाईत कुणी बंद केला नव्हता. चाळीसपैकी अडतीस चौकोन तसेच होते. आवाज बंद. सरांनी लिहिलेले निरोप पहिल्यांदाच स्वतः उघडले. सर मागे बघा. सर काकू. सर काकू पडल्या. सर. सर. सर. सर. मग खाली, बऱ्याच वेळाने: शिंपीकाका येतायत सर. आणि सगळ्यात खाली, आत्ताच आलेलं: सर काकू कशा आहेत?

ते बटण कुठे असतं, हे सरांना ठाऊक नव्हतं. दाबायच्या त्या नेहमी काकू. त्यांना मुलांचा आवाज चालू करता आला नाही. ते फोनकडे तोंड करून बोलले. "मुलांनो, थांबू नका. घरी..." मुलं घरीच होती. दुपारी दोनच्या आत काकू गेल्या.

लेक आली, वीसेक दिवस राहिली. तिच्या येण्याच्या तिसऱ्या दिवशी शिंपी खोकं घेऊन वर आला. जे होतं ते त्याने सगळं सांगितलं, उजव्या हाताचंही. सांगताना तो खाली बसला आणि बोलणं संपेपर्यंत सारखी टेप गुंडाळत, सोडत राहिला. लेक रडायला लागली. सर रडले नाहीत. ते खोक्याकडे बघत वर्गात बोलतात तशा स्वच्छ आवाजात बोलू लागले.

"समजा, स्टँड लावला होता."

"बाबा, नको."

"समजा, लावला होता. मग तिच्या हातात फोन नाही. तरी हात दुखला असता. म्हणजे दुखण्याचं कारण फोन नाही. मग दुसरं काहीतरी. मग डॉक्टर." सर थांबले. "म्हणजे तिला वर्गात बसायचं नसतं तर..."

"बाबा!"

"किंवा मी तिला आधीच कधीतरी म्हटलं असतं, नुसती बस. काही धरू नकोस. नुसती बस." त्यांनी बोटाने खोक्यावर दोन रेघा ओढल्या. "एवढंच हवं होतं. एका ओळीचं काम होतं."

"सर, माझी चूक," शिंपी म्हणाला.

"तुमची पायरी शेवटची," सर म्हणाले. "त्याआधी माझ्या छत्तीस वर्षांच्या आहेत."

शाळेने सरांना सांगितलं, रजा घ्या, उरलेला भाग दुसरे कुणी शिकवतील. सरांनी तीन आठवडे घेतली. मग एका सकाळी नऊ वाजता वर्ग सुरू झाला. फोन स्टँडवर होता. चित्र अजिबात हलत नव्हतं. लेकीने निघण्यापूर्वी बापाला सगळी बटणं दाखवली होती. त्यांनी मुलांचे आवाज चालू केले ते चालूच ठेवले. चाळीस घरं एकदम खोलीत आली. शिट्ट्या, नळ, भांडी, कुणाचं तरी लहान भावंड, कुणाच्या तरी घरातलं भांडण.

"सर, आवाज बंद करतो आम्ही," चौथ्या बाकावरचा उजवा म्हणाला.

"नको. असू दे."

"तुम्हाला त्रास होईल, सर."

"होऊ दे."

सरांनी पुढचा धडा काढला. निर्देशक भूमिती. दोन बिंदूंमधलं अंतर. पाचेक मिनिटं शिकवलं असेल, तोच पहिल्या बाकावरची, खिडकीकडची मुलगी म्हणाली, "सर, त्या दिवशीचा दुसरा प्रकार राहिला."

नळ वाहत होते, भांडी वाजत होती.

"तो पुस्तकात आहे," सर म्हणाले.

"पुस्तकातलं वाचलं, सर. नाही कळलं." मग घाबरून ती म्हणाली, "राहू दे, सर. खरंच राहू दे."

सर उभे राहिले. फळ्याशेजारचा बाकांचा कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. त्यांनी त्याचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. मग आजचं सगळं पुसलं, वर्तुळ काढलं, स्पर्शिका काढली, छेदिका काढली. केंद्र कोनाच्या बाहेर घेतलं. त्रिज्या काढल्या.

"हे दोन कोन समान. प्रत्येकाला क्ष म्हणू. आपला कोन य." लिहिलं. वळले. स्टँड, फोन, पलंग, खाली चटई. सगळीकडे बघितलं. मग म्हणाले, "इथपर्यंत?"

"हो, सर," चार-पाच आवाज आले. कुणाच्या तरी घरी कुत्रं भुंकलं.

"त्रिज्या स्पर्शिकेला लंब. म्हणून क्ष अधिक य बरोबर नव्वद." लिहिलं. वळले. "इथपर्यंत?"

"हो, सर."

"दुप्पट करा. दोन क्ष अधिक दोन य बरोबर एकशे ऐंशी." वळले.

पूर्वी ज्या प्रकाराला चार मिनिटं लागायची त्याला त्या दिवशी तास पुरला नाही. वर्ग संपायची वेळ होऊन गेली. एकही मूल गेलं नाही आणि कुणीही, सर, लवकर करा, असं म्हणालं नाही. खाली दुकानात शिंप्याने मशीन थांबवली होती. वरून सरांच्या चपलांचा आवाज येत होता. फळ्याकडे एक पाऊल, वळून एक पाऊल. पुन्हा फळ्याकडे.

"त्रिकोणातही दोन क्ष आहेत," सर म्हणाले. लिहिलं. वळले.